उलट्या शिवणीचे शुभवर्तमान

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे, आणि तेही अख्खे नाही. एका जाडजूड ग्रंथातून कापून वेगळा काढलेला तुकडा आहे मी. येशू ख्रिस्ताची हकिकत सांगणारी जी चार शुभवर्तमाने आहेत, त्यांतले मी एक. मला हातात घेऊन नेहमीसारखे उघडायला जाल तर शेवटचेच पान समोर येईल, कारण माझी शिवण उजव्या बाजूला आहे. नवी माणसे मला उलटसुलट करून बघतात आणि एकमेकांकडे पाहून हसतात. हसोत बापडी. छापखान्यातून सरळ निघालेली पुस्तके मी पुष्कळ पाहिली आहेत. कपाटात सरळ उभी राहून राहून त्यांना वाळवी लागली.

माझा जन्म मुंबईच्या एका छापखान्यात झाला. तेव्हा चारही शुभवर्तमाने, पहिल्या शिष्यांच्या हकिकती आणि त्यांची पत्रे असे आम्ही सगळे एकाच काळ्या चामड्याच्या पुठ्ठ्यात नांदत होतो. मिशनच्या साहेबांनी आम्हांला चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यात आणले. तिथे त्यांची सुतारशाळा होती आणि शाळेमागे प्रार्थनेची खोली होती. दर रविवारी त्या खोलीत ख्रिस्ती कुटुंबांची छोटीशी मंडळी जमत असे. माणसे माझ्याकडे आदराने बघायची, पण मला वाचू शकणारे तिथे फारसे कोणी नव्हते. वाचायच्या त्या सत्यवतीबाई.

सत्यवतीबाई मिशनच्या शाळेत शिकलेल्या. नवरा लवकर गेला, पदरी बंडू नावाचा एक मुलगा. आवाज असा खणखणीत की शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाराही दचकून सरळ बसावा. माझी भाषा छापील, पुण्याकडची. त्यांच्या तोंडून बाहेर पडता पडता ती वऱ्हाडी होऊन जायची. 'मला' होते तिथे 'मले' आणि 'का' होते तिथे 'काहून'. सुरुवातीला मला ते भलतेच झोंबायचे. पुढे एका रविवारी एक म्हातारा सुतार मान डोलावत म्हणाला, “हे तं आपल्यातलंच बोलून राह्यलं बाप्पा!” आणि माझा राग मावळला.

एकोणीसशे सत्तावनच्या सुमारास दिवस फिरले. साहेब मायदेशी गेले आणि सुतारशाळा बंद पडली. पोटासाठी माणसे पांगली. काही अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये गेली, काही बडनेऱ्याला रेल्वेत, काही वरुडला संत्र्यांच्या बागांत. खेड्यात सत्यवतीबाई आणि दोन-चार म्हातारी माणसे तेवढी उरली. मग एक दिवस अमरावतीहून चिंतामणराव आले. ते वकील होते आणि जिल्ह्यातल्या मंडळ्यांचा कारभारही पाहत. माणूस वाईट नव्हता, पण जे लिहिलेले नाही ते त्यांच्या लेखी घडलेलेच नसे.

“सत्यवतीबाई, मंडळी उरलीय कुठे?” ते म्हणाले. “उपासना चालवायला पाळक नाही, माणसे नाहीत. जिल्ह्याच्या यादीतून नाव कमी करावे लागेल. ग्रंथ मी अमरावतीला नेतो. काचेच्या कपाटात नीट राहील.”

सत्यवतीबाईंनी मला छातीशी धरले. नवऱ्याच्या मागे ह्या मंडळीनेच त्यांना उभे केले होते. ती मोडली तर त्यांचे माहेर आणि सासर दोन्ही एका दिवशी बुडणार होते.

“वकीलसाहेब, माणसं मेली नाई, पांगली,” त्या म्हणाल्या. “पयल्या मंडळ्या तरी कुठं एका जागी होत्या? ना त्यायच्यापाशी देऊळ होतं, ना आखं पुस्तक. एका गावाले येशूच्या प्रेषिताचं एक पत्र यायचं. वाचता येनारा एकजन वाचे, बाकीचे आयकत. मंग त्याची नक्कल पुढच्या गावाले धाडत, अन् त्या गावाचं पत्र इकडं आनत. वाचू वाचूच वाढली ना मंडळी?”

मित्रांनो, आपल्या पूर्वजांची अशी आठवण कोणी काढली की कोणाला बरे वाटणार नाही? माझ्या पूर्वजांना चामड्याचा पुठ्ठा माहीत नव्हता. कोणाच्या तरी घरातल्या आतल्या खोलीत, दिव्याजवळ, तंबू शिवणारे, मासे धरणारे, गुलाम, मोलकरणी अशी माणसे दाटीवाटीने बसत आणि एकजण वाची. आधी लांबलचक गुंडाळ्या होत्या. त्या उलगडायला दोन्ही हात लागत आणि ऐसपैस जागाही लागे. मग त्या लोकांनी पाने शिवून घ्यायला सुरुवात केली. शिवलेले पुस्तक अंगरख्याखाली लपवून दुसऱ्या गावी नेता येई. हा नवा धर्म न खपणाऱ्या राजाची माणसे ती पुस्तके मागून घेत आणि जाळत, पण तोवर ऐकणाऱ्यांनी ती पाठ केलेली असत. सिरियात गेली तर ती सिरियन बोलू लागली, मिसरात गेली तर मिसरी. परमुलखात भेटलेल्या परक्या माणसाच्या तोंडी आपलेच शब्द ऐकू आले की तो परका राहत नसे. मंडळी वाढली ती अशी, एका कानावरून दुसऱ्या कानावर जात.

“म्हणजे काय, ह्याचे तुकडे करणार तुम्ही?” वकिलांनी हसत विचारले.

“हाव. जिथं माणसं गेली तिथं एकेक तुकडा,” सत्यवतीबाई म्हणाल्या.

माझ्या पानापानाला घाम फुटला. पण बाई मागे हटणाऱ्यांतल्या नव्हत्या. शेवटी चिंतामणरावांनी ईस्टरपर्यंतची मुदत दिली. तोवर पांगलेल्या माणसांमध्ये कुठेतरी वाचनाने मूळ धरले, तर मंडळीचे नाव राहील. नाहीतर सगळे तुकडे गोळा होऊन कपाटात जातील आणि मंडळीवर कायमचा पडदा पडेल.

गावी येऊन अकोल्याला परत निघालेल्या एका कुटुंबाबरोबर सत्यवतीबाई मला घेऊन गेल्या. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरातल्या एका बोळात इनायतुल्ला नावाचे बाइंडर राहत. उर्दू शाळेची पुस्तके आणि कुराणशरीफ बांधण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. मराठी पुस्तकेही ते बांधत. बाईंचे म्हणणे ऐकून त्यांनी सुरी बाजूला सारली.

“बाई, किसी की पाक किताब पे छुरी चलाने को मेरा हात नहीं उठता,” ते म्हणाले.

“भाऊ, एका घरात बंद राहण्यापरस पाच घरी जाईन ते,” सत्यवतीबाई म्हणाल्या. “कापा तुमी.”

इनायतुल्लांनी वुजू केला, हातपाय-तोंड धुऊन आले आणि मगच सुरी हातात घेतली. त्या दिवशी मी भावंडांपासून वेगळा झालो. दुखले का म्हणाल, तर हो, दुखले. त्यांनी चार भाग आपल्या हातांनी शिवले. तेवढ्यात जुम्म्याची अजान झाली आणि ते मशिदीत गेले. इकडे बाईंच्या मोटारीची वेळ होत आली, म्हणून उरलेला भाग, म्हणजे मी, त्यांच्या बायकोने, हाजराबींनी शिवायला घेतला.

हाजराबींना उर्दू येत होते, मराठी अक्षरांशी त्यांची ओळख नव्हती. त्यांनी मला डोळ्यांना लावले, एकदा ह्या बाजूने पाहिले, एकदा त्या बाजूने, आणि स्वतःशीच म्हणाल्या, “खुदा की किताब है, सीधे हात से ही खुलेगी ना!”

झाले! उर्दू पुस्तकांची शिवण उजवीकडे असते, तशी माझ्याही उजव्या कडेत सुई शिरली. मी ओरडून सांगावे तर मला तोंड कुठे? बघता बघता माझी शिवण पक्की झाली, वर हिरव्या कापडाचा सुबक पुठ्ठा बसला. सत्यवतीबाईंनी घाईघाईत आम्हां पाचही जणांना न उघडताच पिशवीत घातले आणि मोटार गाठली.

माझ्या वाट्याला वरुड आले. सत्यवतीबाईंचा बंडू तिथे संत्र्यांच्या पेट्या मालमोटारीत भरून नागपूरला न्यायचा. त्याची बायको शालू बागेतल्या मांडवात संत्री निवडायची. शालू नुकतीच सून होऊन आली होती. तिच्या माहेरी ख्रिस्ताचे नाव कोणी घेत नसे, त्यामुळे माझ्यातली एकही गोष्ट तिच्या कानावरून गेलेली नव्हती. शिक्षण चौथीपर्यंत.

“आई, मले धड वाचता येत नाई,” ती सासूला म्हणाली. “अडखळलं तं लोक हसतीन.”

“हसू दे. अडखळत वाच, पन मोठ्यानं वाच,” सत्यवतीबाई म्हणाल्या. “अन् आयकनाऱ्यानं काई इचारलं तं रागावू नको.”

रविवारी दुपारी भाकरी खाऊन झाली की शालू मांडवातल्या एका पालथ्या पेटीवर बसून मला उघडायची. शेजारी वाळलेल्या गवताचे ढीग आणि संत्र्यांची रास. मला कुठल्या बाजूने उघडायचे ते तिला चटकन कळले, कारण पहिले पान तिथेच होते. पण पुढची मेख तिला कळली नाही. माझ्यासारख्या पुस्तकात आधी उजवे पान वाचायचे आणि मग डावे. शालू पडली मराठी शाळेत शिकलेली. तिने आधी डावे वाचले, मग उजवे. वाक्यांचा सांधा जुळेना, तेव्हा बिचारीला वाटले की शास्त्राची भाषाच अशी अवघड असणार. बंडूला लहानपणापासून सगळ्या गोष्टी ठाऊक होत्या, पण हंगामभर तो नागपूरच्या रस्त्यावर असे आणि घरी येई तो झोपेपुरता. मी आतल्या आत चडफडत राहिलो.

पहिल्या रविवारी तिघी-चौघी बायका बसल्या, त्याही सावलीला म्हणून. त्यांत मैनाबाई होती. मांडवात सगळ्यांत म्हातारी, पण संत्र्याला बोट लावताच आतून सडके की चांगले ते सांगणारी. तिची बोटे सालीच्या तेलाने कायम चिकट असायची. तिला वाचनात गोडी दिसत नव्हती. जांभई देत ती म्हणायची, “वाच बाई, तेवढीच पाठ टेकवतो.”

मग फेब्रुवारीत एका रविवारी घर सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट आली. मित्रांनो, ती गोष्ट माझ्या दोन समोरासमोरच्या पानांवर आहे. उजव्या पानावर धाकटा मुलगा बापाकडून हिस्सा मागून घेतो, परमुलखात जातो, सगळे उधळतो आणि शेवटी डुकरे राखत उपाशी बसतो. डाव्या पानावर तो परत येतो, बाप त्याला लांबूनच पाहून धावत सुटतो, मिठी मारतो, नवी वस्त्रे घालतो, मेजवानी करतो. शालूने आधी कोणते पान वाचले असेल ते तुम्ही ओळखलेच असेल!

म्हणजे मांडवातल्या बायकांनी ऐकले ते असे. एक पोरगा लांबून आला, बाप धावला, घरात गोडधोड झाले. आणि मग त्याच पोराने हिस्सा मागितला आणि बापाला टाकून निघून गेला. पान संपले तेव्हा तो डुकरांजवळ उपाशी बसलेला होता.

“आवं! एवढं केलं त्या बापानं, अन् पोट्टा हिस्सा घेऊन पळाला?” एकीने कपाळावर हात मारला.

“मंग? पुढं काय झालं?” दुसरी म्हणाली.

शालूने पान उलटले. पुढे भलत्याच एका कारभाऱ्याची गोष्ट सुरू झालेली. “पुढं काईच नाई,” ती कावरीबावरी होऊन म्हणाली.

“असं कसं नाई? तो वापस आला का नाई, ते तं सांग!”

हे विचारत होती मैनाबाई. तिच्या हातातले संत्रे तसेच राहिले होते.

त्या प्रश्नाने मांडव पेटला. आठवडाभर संत्री निवडताना तेच बोलणे. एक म्हणे, असला पोरगा काय परत येतो! दुसरी म्हणे, पोट जाळते तेव्हा येतोच. पुढच्या रविवारी सगळ्या जणी हजर, बागेचे राखणदारही येऊन उभे राहिले. शालू बापडी पुढची पाने धुंडाळत राहिली. मुलगा काही सापडेना, पण दुसऱ्या गोष्टी सापडत गेल्या. हरवलेली, उपाशी, आजारी माणसे आणि त्यांच्याजवळ जाऊन बसणारा येशू. उलटसुलट का होईना, लोक ऐकत गेले. मार्च सरता सरता मांडवात बसायला जागा उरेना. काही जण वाचनानंतर शालूच्या मागोमाग प्रार्थनाही म्हणू लागले.

इतर ठिकाणी मात्र वाचन टिकले नव्हते. अकोल्यात जिनिंगच्या पाळ्यांत माणसे थकून जात. बडनेऱ्याची कुटुंबे तिथल्या मंडळीत मिसळून गेली. एक भाग प्रवासात हरवला, एक बाईंजवळ खेड्यातच राहिला. आता सगळी भिस्त माझ्यावर होती.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी चिंतामणराव सत्यवतीबाईंना बरोबर घेऊन वरुडला आले. मांडवातली गर्दी पाहून सत्यवतीबाई जागच्या जागी थबकल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. वकिलांच्याही भुवया वर गेल्या. त्यांनी शालूला वाचायला सांगितले. तिने मला उघडले आणि सुरू केले. चार ओळी झाल्या नसतील, चिंतामणरावांनी हात वर केला, पुढे येऊन मला घेतले आणि फिरवून फिरवून पाहिले.

“अहो, हे पुस्तक उलटे बांधलेले आहे! इतके दिवस तुम्ही ह्या लोकांना शास्त्र मागचे पुढे करून ऐकवलेत?”

शालूच्या डोळ्यांत पाणी आले. “ह्या चुकीच्या वाचनावर मी मंडळी कशी म्हणू?” चिंतामणराव म्हणाले. आता मी कपाटात जाणार आणि बाईंची मंडळी बुडणार, हे मला दिसू लागले.

“वकीलसाहेब,” गर्दीतून मैनाबाई उठली. “ते मागून पाहा. आदी सांगा, तो पोट्टा वापस आला का नाई?”

लोक हसले, पण सगळ्यांचे कान टवकारले गेले. चिंतामणरावांना आधी काही कळेना. शालूने ते पान काढून दिले, तेव्हा सगळा उलगडा झाला. मग त्यांनी ती गोष्ट आधी उजवे आणि मग डावे पान अशी सरळ वाचली. कोर्टात कमावलेला आवाज होता तो. बाप धावत सुटला तेव्हा बायका “आला, आला!” म्हणून टाळ्या वाजवू लागल्या. राखणदारांनी मुंडाशी उडवली.

एकटी मैनाबाई हसली नाही.

“शालूबाईनं वाचलं तेच खरं होतं,” ती म्हणाली. “माहा नारायन घर सोडून गेला, मंग वापस आला. म्या पुरनपोळी केली, नवं धोतर आनलं. तो महिनाभर राह्यला, अन् घरातला हिस्सा मागून पुन्यांदा गेला. मले वाटलं, या पुस्तकात माह्यावानी घर हाये. तुमी सरळ वाचलं, वकीलसाहेब, अन् माह्यासाठी त्यात काईच उरलं नाई.”

मित्रांनो, माझ्या पोटात हजारो शब्द आहेत. त्या म्हातारीला देण्यासाठी मला त्यातला एकही सापडेना.

सत्यवतीबाई तिच्याजवळ जाऊन गवतावर बसल्या. “मैनाबाई, जो बाप एक डाव असा धावला, त्याचे पाय दुसऱ्या डावाले थांबतीन का वं?”

“तसं लिवलं हाये का त्यात?” मैनाबाईने सरळ वकिलांनाच विचारले.

चिंतामणरावांनी चष्मा काढून पुसला. खोटे बोलणे त्यांच्या स्वभावात नव्हते. “नाही आजी,” ते हळू म्हणाले. “मुलगा पुन्हा गेला, असे ह्यात लिहिलेले नाही.” मग त्यांनी माझे पान पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचले. “पण बापाने वाट पाहणे सोडले, असेही ह्यात कुठे लिहिलेले नाही.”

मैनाबाई पुढे आली. तिने आपले तेलकट बोट माझ्या पानावर टेकवले. “कुठं धावते तो बाप? ती जागा दाखवा.” वकिलांनी तिचे बोट धरून नेमक्या ओळीवर ठेवले. तिला अक्षर ओळखता येत नव्हते, पण तिने ते बोट लवकर उचलले नाही.

चिंतामणरावांनी मला शालूच्या हातात परत दिले. “आधी उजवे पान, मग डावे,” ते म्हणाले. “सत्यवतीबाई, मंडळीचे नाव राहते. फक्त गाव बदलून वरुड लिहावे लागेल.” बाईंना हसू की रडू ते कळेना. दोन्ही झाले.

त्यानंतरची वर्षे मी सुखात काढली. वाचनाने वाचन वाढले. मांडवाच्या जागी पत्र्याची प्रार्थनेची खोली आली. मैनाबाई दर रविवारी पहिल्या रांगेत असायची. नारायण तिच्या हयातीत आला नाही. बंडू मालमोटार घेऊन जाई त्या प्रत्येक गावी त्याची चौकशी करी आणि परतल्यावर नुसती मान हलवी. तरी सणाला मैनाबाई एक पोळी झाकून ठेवायची ती ठेवायचीच.

आता एकोणीसशे अडुसष्ट साल आहे. मैनाबाई गेली, सत्यवतीबाई थकल्या. मंडळीत चकचकीत पुठ्ठ्याचा नवा, सरळ ग्रंथ आला आहे आणि मी बहुधा शालूच्या पेटीत असतो. कधी कधी मला फार एकटे वाटते, हे कशाला लपवू? तुमच्याही घरांत माझ्यासारखी जुनी पुस्तके असतील, कोणत्याही धर्माची, कोणत्याही लिपीतली. ती फाटली तर शिवा. शिवताना चूक झाली तरी चालेल, पण त्यांना नुसती हळदकुंकू वाहून किंवा कपड्यात गुंडाळून ठेवू नका. ज्याला वाचता येत नाही त्याच्याजवळ बसून मोठ्याने वाचा, आणि त्याने काही विचारले तर थांबा.

मला वाचायला घ्याल तेव्हा एक पान तुम्हांला तेलकट झालेले दिसेल. संत्र्याच्या सालीचे तेल आहे ते. पुसायला जाऊ नका, आणि त्या पानावर आलात की घाईही करू नका. ऐकणाऱ्यांत एखादी आई असेल, जिचे मूल दुसऱ्यांदा निघून गेले आहे.